रविवारपुरता ट्रेनर

खोलीत अंधार होता आणि त्या अंधारात तिचा आवाज त्याच्या कानापासून जेमतेम वीतभर दूर होता.

"ही काच बरी... की ही?"

तपासणीची ती जड चौकट त्याच्या नाकावर बसवलेली होती. समोर भिंतीवर अक्षरांच्या ओळी उजळल्या होत्या. वरच्या ठळक, आणि खाली उतरत जावे तशा पाण्यात सांडलेल्या शाईसारख्या विरत गेलेल्या. काच बदलताना तिची बोटे त्याच्या कानशिलाला ओझरती लागत, आणि नेमक्या त्या क्षणी त्याला वरची ओळसुद्धा वाचता येत नसे.

"दोन्ही सारख्याच," तो म्हणाला.

"सारख्या कशा असतील? दुसऱ्या वेळी मी काच बसवलीच नव्हती."

अंधार होता म्हणून बरे. नाहीतर त्याचे तापलेले कान तिला दिसले असते. तिने सरावाने पुढचा प्रश्न विचारला, काम कसले करता, जवळचे की लांबचे. लांबचे, तो म्हणाला. मग जरा थांबून, एखादा अपराध कबूल करावा तशा आवाजात त्याने सांगितले की तो घोड्यांना उड्या शिकवतो. परवा त्याने अडथळ्याची काठी हवी त्याहून हातभर जवळ लावली होती आणि एक गुणी घोडा पडता पडता वाचला होता. तेव्हा तबेल्याच्या मालकीणबाईंनी आधी त्याला कामावरून काढले होते, आणि चहा पिऊन झाल्यावर चष्म्याच्या दुकानात पाठवले होते.

तिच्या हातातली काच हवेतच राहिली. बाहेर रस्त्यावरून एक गाडी गेली. तिचा उजेड दाराच्या फटीतून आत आला, भिंतीवरून सरकला आणि निघून गेला. त्या उजेडात त्याला प्रथमच तिचा चेहरा नीट दिसला. ती त्याच्या डोळ्यांकडे बघत नव्हती. त्याच्या बाहीला चिकटलेल्या गवताच्या काडीकडे बघत होती.

"घोड्यांच्या उड्यांच्या शोसाठी ट्रेनर लावायचा तर किती पडतात हो?" तिने विचारले.

व्यवहाराचे प्रश्न त्याला सोपे जात, कारण त्यांची उत्तरे त्याला पाठ होती. तो भिंतीवरची ओळ वाचावी तसा सांगत गेला. शिकवणीचे तासावर. शोच्या दिवसाचे वेगळे, मग ट्रेनर दिवसभर सोबत असतो, मैदान दाखवतो, कठड्याशी उभा राहतो. घोडा नेण्या-आणण्याचे निराळे. आणि आठवड्याच्या इतर दिवशी ट्रेनरने स्वतः पाठीवर बसून घोडा तयार करायचा, तर त्याचे सर्वांत जास्त. खरा खर्च तोच. आकडे ऐकून तिने हातातली काच खोक्यात ठेवली. मग म्हणाली, "म्हणजे घोडी माझी, मोडणार ती हाडं माझी, आणि पैसे मात्र तुम्हाला."

"...हो," तो प्रामाणिकपणे म्हणाला.

ती हसली. ते हसू त्याला दिसले नाही, नुसते ऐकू आले. आणि पुढे कितीतरी दिवस त्याला वाटत राहिले की काही गोष्टी अंधारातच नीट दिसतात.

*

तिच्या घोडीचे नाव मुंगी होते. तिच्या वडिलांनी आईवेगळे, काड्यांच्या पायांचे शिंगरू घरी आणले तेव्हा ते नाव शोभलेही होते. पुढे मुंगी अशी काही वाढली की खोगीर चढवायला स्टूल लागावे. पण नाव कुणी बदलले नाही. कुमैत, म्हणजे तांबूस तपकिरी रंगाची, काळ्या आयाळीची, रागीट नव्हे पण मानी. मागच्या हिवाळ्यात वडील गेले आणि घोडी बहीणभावांच्या वाट्याला आली.

दादा वाईट नव्हता. चंदी, नाल, डॉक्टर, तबेल्याचे भाडे, सगळ्याचा निम्मा भार तो वर्षभर निमूट उचलत आला होता. पण एके दिवशी जेवता जेवता त्याने तिला विचारले होते, "ही घोडी आहे की बाबांचा फोटो, ते एकदा ठरव." घोडी असेल तर तिने घोडीचे काम करावे. हिवाळी शोमध्ये तिने स्वतः मुंगीवर बसून एक फेरी न अडता, काठी न पाडता पूर्ण केली, तर दादा पुन्हा विषय काढणार नव्हता. नाहीतर घोडी विकायची. घेणारे कुटुंब चांगले होते, त्यांनी घोडी पाहून ठेवली होती, आणि तेच तिला जास्त सलत होते... वाईट माणसांना नाही म्हणणे किती सोपे असते.

हे सगळे तिने त्याला पहिल्याच रविवारी, मुंगीला गाडीतून उतरवताना सांगून टाकले. तो ऐकत होता. ऐकण्यात तो निष्णात होता.

मालकीणबाईंशी बोलून तिने मुंगीला तिथेच ठेवले आणि रविवारचा एक तास ठरवला. त्याहून जास्त तिच्या पगारात बसत नव्हते. "बाकीचे दिवस?" बाईंनी विचारले, तेव्हा बाकीचे दिवस मी स्वप्नात शिकेन, असे तिने सांगितले आणि बाई चक्क हसल्या. बाईंना हसताना पाहून तबेल्यातल्या घोड्यांनीही माना वर केल्या असाव्यात.

त्या तबेल्यात शिकणारी मुले त्याला 'हळू सर' म्हणत. कारण तासभरात त्याच्या तोंडून निघणारा शब्द तो एकच असे. मैदानाच्या कठड्याशी, हात मागे बांधून तो उभा राही, घोडा अडथळ्याकडे वळला की म्हणे, "हळू..." आणि घोडा ओलांडून गेला की काहीच म्हणत नसे. तेच शाबासकीचे लक्षण समजायचे.

तिची मांड वाईट नव्हती. पण समोर काठी दिसली की मुंगी उधळत सुटे, आणि मुंगी उधळली की ती लगाम आवळे. लगाम आवळला की मुंगी आणखी उधळे. दोघींना एकमेकींची भीती वाटत होती आणि दोघीही ते कबूल करत नव्हत्या. तिसऱ्या रविवारी, सलग चौथी काठी पडल्यावर ती घोडी थांबवून त्याच्यासमोर आली. केस कपाळाला चिकटलेले, गाल थंडीने लाल झालेले.

"सर, तुमचे पैसे शब्दांवर काढले तर मला फार महाग पडताय तुम्ही."

तो खाली बघून हसला. नव्या चष्म्यावर तिच्या घोडीच्या श्वासाची वाफ बसली होती. तो पुसत त्याने म्हटले, की काठीकडे बघू नका... काठीच्या पलीकडे बघा.

"पलीकडे तुम्ही उभे असता," ती म्हणाली, आणि टाच मारून निघून गेली.

*

आठवड्यातून एक तास म्हणजे तापल्या तव्यावर पाण्याचा थेंब. हे त्याला पहिल्या दिवसापासून कळत होते. मुंगीला रोज कुणीतरी हवे होते; शांत हाताचे, न घाबरणारे. तो तिला सांगू शकला असता की इतर दिवशी मी बसत जाईन, पैशांचे राहू द्या. पण त्यासाठी एक संपूर्ण वाक्य बोलावे लागले असते. त्या वाक्याला 'का' असा प्रश्न आला असता, आणि त्याच्या उत्तराला तर आणखी मोठे वाक्य लागले असते. एक वाक्य टाळण्यासाठी माणूस काय काय करतो!

तो पहाटे उठू लागला.

त्या पहाटा पुढे त्याला स्वप्नासारख्या आठवत. मैदानावर धुके इतके दाट असे, की मुंगीचे कान दिसत आणि त्यापुढचे जग नसे. भुशाच्या जमिनीवर तिच्या टापांचा आवाज उशीवर थोपटल्यासारखा येई. अडथळा धुक्यातून अचानक आकार घेई आणि त्याआधी, अगदी नकळत, तो एक दीर्घ श्वास सोडत असे. तो श्वास मुंगीच्या मानेवर उतरे, तिची पाठ त्याच्याखाली सैल होई, आणि मग ते दोघे काही क्षण जमिनीचे नसत.

तो मुंगीशी बोलू लागला. दुकानातल्या त्या अंधाराबद्दल. हेल्मेट काढल्यावर केस झटकण्याच्या कुणाच्या सवयीबद्दल. तबेल्यातल्या कॉफीच्या यंत्रातून पेला भरून आला की त्याभोवती बोटे गुंडाळून ऊब घेणाऱ्या हातांबद्दल. मुंगी एक कान मागे वळवून ऐके. घोड्यांना गुपित सांगावे, ते चारचौघांत बोलत नाहीत. निदान त्याची तशी समजूत होती.

आणि रविवार बदलले. मुंगी काठीपाशी उधळेनाशी झाली. ती कठड्याजवळून वळे, एक कान किंचित त्याच्याकडे नेई, आणि अशी हलकेच उचलली जाई की वर बसलेल्या तिला दचकायलाही वेळ मिळत नसे. खाली उतरल्यावर तिच्या चेहऱ्यावर जे पसरे ते पाहून त्याला वाटे, हाच आपला मेहनताना; याहून जास्त कुणी कुणाला देऊ शकत नाही.

तास संपल्यावर ती दोघे मिळून मुंगीला खरारा करत. तो डाव्या अंगाने, ती उजव्या. मधे घोडीची उंच पाठ. त्यांना एकमेकांचे फक्त हात दिसत, कधी आयाळीवरून डोळे. तशा आडोशाला त्याला बोलता येई. ती त्याला दुकानातल्या गोष्टी सांगे. चष्मा लागला तर लग्न जमणार नाही म्हणून अक्षरांचा तक्ता पाठ करून आलेल्या मुलाची. चष्मा डोक्यावर असताना हरवला म्हणून नवा करायला आलेल्या गृहस्थांची. तो हसे, आणि खराऱ्याचा हात तिच्या हाताशी आला की दोघांपैकी कुणीतरी उगाच तो भाग पुन्हा एकदा घासून काढी. मुंगीची पाठ त्या दिवसांत आरशासारखी चकाकत असे.

एकदा ती आयाळ विंचरता विंचरता म्हणाली की बाबा म्हणायचे, मुंगी कुणालाही पाठीवर घेईल, पण ऐकणार नाही कुणाचंच. "आणि आता माझं ऐकते. काल दादाला फोन करून सांगितलं मी. म्हटलं, ती माझं ऐकते."

पलीकडच्या अंगाला त्याचा हात थांबला. सांगायची वेळ तीच होती. त्याने ती जाऊ दिली.

*

शोला तीन आठवडे उरले असताना तो मुलांना घेऊन दुसऱ्या एका स्पर्धेला गेला आणि त्या रविवारचा तास बाईंनी घेतला.

मुंगी पहिल्या अडथळ्याकडे छान गेली. तिने कान कठड्याकडे नेला, काही क्षण तसाच ठेवला... आणि काठीसमोर खांबासारखी उभी राहिली. दुसऱ्यांदा तेच. तिसऱ्या वेळी घोडी थांबली, ती थांबली नाही; काठीवरून एकटीच पलीकडे गेली आणि चिखलात बसली.

बाई कठडा ओलांडून आत आल्या. हात धरून तिला उठवत त्या म्हणाल्या की यात तुझी चूक नाही पोरी, ही त्याच्या हातावर, त्याच्या श्वासावर तयार झाली आहे, रोज पहाटे तोच तर बसतो. तिने विचारले, कोण बसतो? बाई तिच्याकडे बघत राहिल्या. रोज त्यांच्या खिडकीतून त्यांना धुक्यात शिरणारी घोडी आणि स्वार दिसत होते. त्यांची समजूत होती की या दोघांनी आपल्याला वगळून परस्पर पैशांचे ठरवले आहे, आणि त्यावरून त्या महिनाभर मनातून रुसूनही होत्या. "मला वाटलं, तुमचं दोघांचं ठरलंय," त्या म्हणाल्या, आणि त्या वाक्याचा दुसरा अर्थ दोघींच्याही एकदमच लक्षात येऊन दोघी मुंगीकडे बघू लागल्या.

सोमवारी दुकान बंद झाल्यावर ती थेट तबेल्यात आली. अंगात अजून दुकानाचा पांढरा कोट होता. तो मुंगीच्या पाण्याची बादली भरत होता. तिला पाहून त्याने नळ बंद केला नाही, आणि पाणी बादलीतून वाहू लागले.

"कधीपासून?" तिने विचारले.

"सलग चार काठ्या पडल्या... त्याच्या दुसऱ्या सकाळपासून."

"पैसे न घेता."

"हो."

"मी मागितलं होतं?"

त्याने मान हलवली. तिने पुढे होऊन नळ बंद केला. अचानक झालेल्या शांततेत आतली घोडी फुरफुरली.

"मला वाटत होतं, मी शिकतेय," ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. चढला असता तर त्याला सोपे गेले असते. "रविवारी घरी जाताना बसमध्ये मी एकटीच हसायचे. आणि ती तुमचा श्वास ऐकून उडी मारत होती. मी नुसती वर ठेवलेली वस्तू होते. बाबांची शेवटची गोष्ट होती ती माझ्याकडे. तुम्ही तिला तुमची करून टाकलीत, आणि मला कळूही दिलं नाहीत."

"मला वाटलं, तुम्हाला मदत..."

"तुमचे दर ऐकले होते ना मी पहिल्या दिवशी. त्यातलं सगळ्यात महाग हेच पडलं."

ती मुंगीकडे गेली. मुंगीने तिच्या खांद्यावरून मान लांबवून त्याच्याकडे पाहिले, आणि ते तिने पाहिले. ती रडली नाही. तिने कोटाच्या खिशातून पैशांचे पाकीट काढून त्याच्या हातात दिले. या महिन्याच्या तासांचे. पुढच्या रविवारी वेळेवर या, ती म्हणाली. फक्त रविवारी. शिकवायला. आणि पैसे मोजून घ्यायला. त्याने पाकीट धरले. आयुष्यात कमावलेले कोणतेच पैसे त्याला इतके जड लागले नव्हते.

*

त्यानंतर पहाटे ती येऊ लागली. दुकान उघडण्याआधी, गावाच्या दुसऱ्या टोकाहून, पहिल्या बसने. चंदी ती घालत होती, लीद ती काढत होती, खरारा एकटीच करत होती, दोन्ही अंगांनी. तो मुंगीच्या दाराशी फिरकत नव्हता. बाईंनी त्याला सांगितले होते की घोड्याला दोन मालक चालतात, दोन जीव लावणारे चालत नाहीत; गोंधळतो बिचारा. त्याच्या खोलीच्या खिडकीच्या काचेवर धुके साचे, तो ते पुसत नसे.

रविवारी मात्र तो येई आणि मैदानाच्या मधोमध, अडथळ्यांपासून दूर, श्वास आवरून उभा राही. आता हातांनी करता येण्यासारखे काही उरले नव्हते. मुंगीच्या पाठीवर बसून जे सांगितले असते, ते सगळे शब्दांत सांगणे भाग होते. ज्याने वाक्य चुकवण्यासाठी इतका उपद्व्याप केला, त्याच्यावर आता वाक्यांवाचून गत्यंतर नव्हते. लगाम म्हणजे झोपलेल्या मुलाचा हात धरावा तसा. सोडायचा नाही आणि जागेही करायचे नाही, असे त्याने तिला सांगितले. काठी आली की तुमचे पोट आधी घाबरते, मग हात. पोटाला समजवा, हात आपोआप ऐकतील, असे सांगितले. तिला पडू द्यायलाही तो शिकला. मुंगी अडली की पूर्वी तो धावत जाई, आता तो जागेवर राहून म्हणे, "पुन्हा."

पहिले दोन रविवार ती त्याच्याशी कामापुरतेच बोलली. दुसऱ्याच्या शेवटी, एकामागून एक अडथळे अडखळत का होईना पार झाल्यावर, घोडीवरून उतरता उतरता म्हणाली, "बोलता येतं की तुम्हाला."

"सवय नाही," तो म्हणाला.

"असू दे. स्वस्त पडतंय आता."

तिच्या ओठांच्या कोपऱ्यात काहीतरी हलले होते. त्याने ते घरी नेले, आणि आठवडाभर पुरवून पुरवून वापरले.

*

शोच्या दिवशी उजाडताना दव इतके पडले होते की मैदानाचे गवत राखाडी दिसत होते आणि चालणाऱ्याच्या मागे हिरवी वाट उमटत होती. फेरीआधी स्पर्धकाने पायी चालून अडथळे पाहून घ्यायचे असतात. ट्रेनरने सोबत चालायचे असते. ती दोघे चालली. या वळणावर घाई नको, तो सांगत होता. त्या निळ्या काठीपाशी सावली पडते, मुंगी बिचकेल, आधीच तिच्याशी बोलत राहा. ती मान हलवत होती. मागे वळून पाहिले तेव्हा राखाडी गवतातून त्या दोघांच्या पावलांची एकच वाट गेली होती...   दोघांनीही ती पाहिली.

कठड्याबाहेर दादा उभा होता, हाताची घडी घालून, बहीण पडेल या भीतीने चेहरा कडक करून.

सरावाच्या छोट्या मैदानात मुंगी सुरेख चालत होती. तेवढ्यात तो तिचे पाणी घेऊन कुंपणाशी आला, आणि मुंगीचा कान वळला. ती चालता चालता थबकली. तो बाजूला सरकला. कान त्याच्यामागे सरकला. तीन आठवड्यांची मेहनत, आणि तिचे विसरणे अजून पुरे झाले नव्हते. तिकडे मोठ्या मैदानात ट्रेनरची जागा ठरलेली होती: कठड्याशी, शेवटच्या वळणावर, अगदी समोर.

तिने घोडी कुंपणापाशी आणली. वरून त्याच्याकडे पाहिले.

"तुम्ही दिसलात की ती तुमच्याकडे बघते."

"मी जातो," तो म्हणाला. "गाड्यांच्या पलीकडे जाऊन थांबतो. वारा इकडून तिकडे आहे, तिला माझा वासही यायचा नाही."

"पण मग तुम्हाला काहीच दिसणार नाही."

"नाही दिसणार."

त्या फेरीसाठी तो गेले कित्येक दिवस जगत होता, हे त्याने सांगितले नाही. ते तिला ठाऊक होते बहुधा, कारण ती लगेच निघाली नाही. मुंगीची आयाळ उगाच एका बाजूला घेत राहिली.

"ती एकटीच बघत असती तरी चाललं असतं," शेवटी ती हळूच म्हणाली. "मीपण बघते. दोघींनी तुमच्याकडे बघून कसं होईल... एकीला तरी समोर बघायला हवं ना."

आणि त्याला उत्तर सुचायच्या आत तिने घोडी वळवली.

तो घोड्यांच्या गाड्यांमागे जाऊन उभा राहिला. समोर पत्र्याची पांढरी भिंत. तिच्यापलीकडे सारे जग. त्याने डोळे मिटून घेतले. घंटा झाली. मग टापा. ओल्या गवतावर त्या मऊ, गोल उमटत होत्या; घाई नव्हती. मग टापा थांबल्या, आणि ते थांबणे म्हणजे हवेतली मुंगी होती. पुन्हा टापा. त्याने आपला श्वास छातीत कोंडून धरला होता, जणू इतक्या दुरूनही तो ऐकू गेला असता. पुन्हा शांतता, पुन्हा जमीन. निळ्या काठीकडचे वळण आले असावे. टापा चुकल्या. अडखळल्या. लोकांच्यात एक बारीकशी हालचाल झाली आणि तीतून त्याला तिचा आवाज आला. शब्द नाहीत, नुसता सूर, कुणाची समजूत काढावी तसा. तो सूर त्याने शिकवलेला नव्हता. तो तिचा स्वतःचा होता, कदाचित तिच्या वडिलांचा. मग शांतता... आणि त्या शांततेत लाकडावर खूर लागल्याचा टक्क असा आवाज.

काठी पडल्याचा आवाज त्याला आला नाही. पण गवत मऊ होते. काठी गवतावर पडली तर आवाज येतो का? इतकी वर्षे त्याने काठ्या पडताना पाहिल्या होत्या. ऐकल्या कधीच नव्हत्या.

फेरी संपल्याची घंटा झाली. टाळ्या वाजल्या, पण टाळ्या लोक पडणाऱ्यासाठीही वाजवतात. तो तिथेच उभा राहिला. बऱ्याच वेळाने गाड्यांच्या मधून एक माणूस आला. हाताची घडी सुटलेली, डोळे ओले, आणि ते लपवण्यासाठी आवाज उगाच करडा केलेला.

"हळू सर ते तुम्हीच का?" दादाने विचारले. त्याने होकार दिला. दादा थोडा वेळ पत्र्याकडे बघत राहिला. "काठी हलली होती. डुगडुगली नुसती. पडली नाही." मग जायला निघाला, आणि पाठमोरा असतानाच म्हणाला की बाबा असेच बोलायचे तिच्याशी, बोबडं बोबडं; घरात सगळ्यांना लाज वाटायची. आज नाही वाटली.

त्यानंतर ती आली. घोडीला हाताने धरून, हेल्मेट काखेत. मुंगीच्या अंगातून वाफा निघत होत्या. तो वाटेतच उभा होता, तिला चुकवून जाता येऊ नये असा. मुंगी त्याच्या अगदी जवळून गेली; तिने कान वळवला नाही. तिचे नाक आपल्या स्वाराच्या खांद्यावर टेकलेले होते, आणि तिथून काढायचा तिचा विचार दिसत नव्हता. त्याच्या छातीत काहीतरी दुखले आणि त्याच वेळी निवलेही. ज्या कानात त्याने आपली सारी गुपिते सांगितली होती, तो कान आता त्याचा राहिला नव्हता. म्हणजे जे सांगायचे ते आता जिला सांगायचे तिलाच सांगावे लागणार होते.

"बाईंना सांगून दुसरा ट्रेनर लावा," तो म्हणाला.

तिचे हसू जागच्या जागी थांबले. "का?"

"कारण मला... मला तुमच्याकडून पैसे घेता येत नाहीत. आणि न घेता शिकवलं तर काय होतं, ते आपण पाहिलंय." त्याने चष्मा काढला, पुन्हा घातला. हे वाक्य लांब होते आणि त्याच्या शेवटापर्यंत जायचे त्याने ठरवले होते. "मी तुमच्यावर प्रेम करतो. पहाटेपासून. म्हणजे, त्या पहाटांच्याही आधीपासून. ते मी तुम्हाला सांगायला हवं होतं, ते घोडीला सांगितलं. चूक तिथे झाली."

 लांबवर पुढच्या स्पर्धकाची घंटा वाजली, कुणाच्या तरी टापा सुरू झाल्या. तिने लगाम एका हातातून दुसऱ्या हातात घेतला आणि मोकळा झालेला हात, घामाने आणि चामड्याच्या रंगाने काळवंडलेला, त्याच्या बाहीवर ठेवला.

"दुसरा ट्रेनर महाग असेल," ती म्हणाली.

"असेल."

"आणि तुम्ही काय करणार मग, रविवारी?"

"कठड्याशी उभा राहीन," तो म्हणाला. "दिसेन असा."

"मुंगी बघणार नाही आता."

"नाही बघणार."

"बरं," ती म्हणाली. मुंगी थंड व्हायच्या आत तिला चालवायला हवे होते, म्हणून ती चालू लागली, आणि बाहीवरचा हात तसाच असल्यामुळे त्यालाही निघावे लागले. थोडे अंतर गेले. मग तिने, समोर बघण्याचे आता काही कारण उरले नसल्यासारखे, मान वळवून त्याच्याकडे पाहिले... आणि पाहतच राहिली.